पोच

माझ्यावर २१७ कार्डांची उधारी होती. पैशांची असती तर एव्हाना कुणीतरी दारात ठाण मांडून बसलं असतं. पण माझे सावकार जपान, जर्मनी, युक्रेन, ब्राझील असे लांबलांबचे, आणि स्वभावाने भलतेच सोशिक. १९९० ते १९९३ या काळात हॅम रेडिओवर झालेल्या गाठीबद्दल त्यांनी मला एकेक कार्ड पाठवलं, खालच्या चौकोनात खूण करून 'तुमचंही पाठवा' असं सुचवलं, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. मी ती कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली, डबा माळ्यावर टाकला आणि संसाराला लागलो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या सांगलीच्या घराचा तळमजला पाण्यात होता. पुस्तकं गेली, हिचं शिलाई मशीन गेलं, फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. माळा वाचला. वाचला म्हणजे कोरडा राहिला असं नाही. महिन्याभराने डबा उघडला तर कार्डं दमट होऊन एकमेकांना चिकटलेली. बॉलपेनने लिहिलेली शाबूत, शाईच्या पेनने लिहिलेल्यांचे निळे डाग झालेले. दोरीवर चिमटे लावून ती वाळत घालत होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढी कुणाची पत्रं हो?" मला धड उत्तर देता आलं नाही. कार्डं वाळली आणि डबा पुन्हा माळ्यावर गेला.

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून, आपल्या संचावरून जगभरातल्या तसल्याच परवानेवाल्या हौशी माणसांशी बोलणं. त्यातून पैसे मिळवायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, राजकारण काढायचं नाही. प्रत्येकाला एक कॉल साईन असतं, गाडीच्या नंबरासारखं. भारतातली व्हीयूने सुरू होतात. दोघांची हवेत गाठ पडली, एकमेकांची कॉल साईन्स नीट कळली, आवाज कसा येतोय ते सांगून झालं की संपर्क पुरा. मग टपालाने एकमेकांना कार्ड पाठवायचं. त्याला म्हणतात क्यूएसएल. जहाजांवरच्या तारायंत्रवाल्यांसाठी क्यूने सुरू होणारे तीन-तीन अक्षरांचे संकेत होते, त्यांची यादी १९१२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली. त्यातलाच हा एक. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगायला अख्खं वाक्य लागतं. मराठीत एक शब्द पुरतो: पोच.

आमचे आजोबा प्रत्येक पत्राच्या शेवटी 'पत्राची पोच द्यावी' असं लिहीत. आणि ज्याला रीतभात कळत नाही त्याच्याबद्दल म्हणत, "त्याला पोच नाही." मी दोन्ही अर्थांनी त्यात बसतो.

लॉगबुकात, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, सगळं लिहिलेलं असतंच, मग कार्ड कशाला, हा प्रश्न मला परीक्षेच्या आधीपासून लोक विचारत आलेत. लॉगबुक हे माझं म्हणणं. त्यात उद्या मी अंटार्क्टिकाशी बोललो असं लिहीन, कोण अडवणार? कार्ड हे दुसऱ्याच्या हातचं. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक मेगाहर्ट्झवर हा माणूस मला ऐकू आला, असं त्याने लिहून द्यायचं. वेळ जगभर एकच लिहायची, ग्रिनिचची. म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ओळखीतलं सर्वांत जुनं कार्ड १९१६ चं आहे, अमेरिकेतल्या बफेलोहून फिलाडेल्फियाला गेलेलं. पुढे १९३७ साली अमेरिकन रेडिओ रिले लीग या तिकडच्या हौशी मंडळींच्या संघटनेने शंभर देशांशी संपर्क केल्याबद्दल मानपत्र द्यायला सुरुवात केली, आणि या चिठोऱ्यांना कोर्टाच्या कागदाचं वजन आलं. खाडाखोड असलेलं कार्ड बाद. एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवला तरी बाद.

आणि कार्डावर पत्ता असतो. हे फार साधं वाटतं. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हौशी परवाने रद्द केले, आणि १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो लपूनछपून, जागा बदलत. त्यांची घोषणा असे, ४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी. नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत ते 'कुठूनतरी' हाच त्यांचा पत्ता. त्या केंद्राला कार्ड छापता येणं शक्यच नव्हतं. मी एकदा गंमत म्हणून गणित केलं: ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हौशी लोकांसाठी राखलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात ते येतं. सकाळी आम्ही तिथे एकमेकांना "तुमच्याकडे पाऊस कसाय?" एवढंच विचारत असतो, पत्त्यासकट.

मला मोर्स, म्हणजे टिंबं आणि रेघांची तारेची भाषा, शिकवली ती तारमास्तरांनी. गल्लीत सगळे त्यांना तारमास्तरच म्हणत. तार ऑफिसातून निवृत्त झालेले, डाव्या कानाने थोडं कमी ऐकणारे, आणि उजव्या कानाने कडकट्ट ऐकत असतानाच कुणाशीतरी भांडू शकणारे. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसायचं, ते 'की', म्हणजे तारयंत्राची पितळी कळ, दाबून आवाज काढणार, मी वहीत लिहिणार. एखादा शब्द अर्धा कळला की मी पुढचा अंदाजाने पुरा करत असे. एकदा त्यांनी वही ओढून घेतली.

"हे तू ऐकलंस?"

"अर्धं ऐकलं. पण दुसरं काय असणार?"

"दुसरं काय असणार ते बघायला सरकारनं मला ठेवलं नव्हतं. ऐकलं तेवढंच लिहायचं. पुरं करणं आपलं काम न्हाई."

मग त्यांनी कुठल्याशा लहान गावच्या कारकुनाची गोष्ट सांगितली. त्याने तारेत 'फादर' ऐकलं, पुढचा शब्द सुटला, आणि अशा तारा रोज येतात म्हणून त्याने सवयीने पुढचा शब्द स्वतःच लिहिला. वडील प्रत्यक्षात फक्त गाडीत बसले होते. संध्याकाळी ते पाहुणा म्हणून दारात उभे राहिले तेव्हा घरात रडारड चालली होती. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. मी तेव्हापासून न ऐकलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारू लागलो.

परवाना मिळाला १९८९ मध्ये. ग्रेड टू. मोर्सचा वेग मिनिटाला पाच शब्द, आणि ३० मेगाहर्ट्झच्या खाली सुरुवातीला नुसतं मोर्सच. तोंडाने बोलायचं असेल तर मोर्समधले शंभर संपर्क झाल्याचा पुरावा द्यायचा, असा नियम. पुरावा म्हणजे अर्थातच कार्डं. म्हणजे बाकीच्या जगात जो शिष्टाचार होता तो माझ्यासाठी गरज होती, आणि गरजवंत माणूस किती नम्र होतो ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

संच घरीच जुळवला. ८०७ नावाचा जाडजूड व्हॉल्व्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला, पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर इथेच गुंडाळून घेतला. तांब्याची तार पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्यांच्या नारळापर्यंत. की दाबली की शेजारच्या टीव्हीवर आडव्या रेघा. रविवारी सकाळी पौराणिक मालिकेच्या वेळी देवाच्या तोंडावर रेघा आल्या, तेव्हा आईने मेन स्विचच बंद केला आणि वर त्यांच्याकडे जाऊन माफीही मागून आली.

कार्डं छापायला ओळखीच्या छापखान्यात गेलो. लग्नपत्रिका, हँडबिलं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं अशी कामं तिथे चालत. खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई. मी आयर्विन पुलाचा एक रेखाचित्राचा ब्लॉक करून घेतला होता. पाचशे कार्डं तयार झाली आणि बघतो तर पुलाच्या वर, मधोमध, ॥ श्री ॥. मालकांना म्हटलं, हे मी दिलं नव्हतं. ते म्हणाले, "द्यायला कशाला पाहिजे? शुभकार्यात आम्ही घालतोच." पैसे दिलेले, कागद संपलेला. ती पाचशे कार्डं तशीच जगभर गेली. एका जर्मन गृहस्थाने पुढच्या गाठीत मोर्समध्ये मोठ्या चिकाटीने विचारलं, की दोन उभ्या रेघा, मध्ये वळणाची तार, पुन्हा दोन उभ्या रेघा, ही तुमची अँटेना का? मिनिटाला पाच शब्दांत लक्ष्मी समजावणं मला जमलं नाही. मी हो म्हणून टाकलं.

पाठवण्याचे मार्ग दोन. एक ब्युरोचा: आपली सगळी कार्डं एकगठ्ठा आपल्या देशातल्या संस्थेकडे द्यायची, ती देशवार गठ्ठे करून पाठवते, तिथली संस्था वाटते. आपल्याकडे हे काम अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाचं. स्वस्त, आणि वेळ वर्षांत मोजायचा. दुसरा मार्ग थेट: पाकिटात आपलं कार्ड, पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट, आणि परतीच्या तिकिटासाठी एकतर आंतरराष्ट्रीय रिप्लाय कूपन, नाहीतर एक अमेरिकन डॉलर. हॅम भाषेत त्या हिरव्या नोटेला 'ग्रीन स्टॅम्प' म्हणतात. ते कूपन १९०६ साली रोमच्या टपाल परिषदेत जन्माला आलं. पुढे १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने परदेशात स्वस्तात कूपनं घेऊन अमेरिकेत वटवण्याच्या बाता मारून लोकांना लुबाडलं. आजही तसल्या फसवणुकीला त्याचंच नाव आहे. त्याच कागदाच्या जोरावर मी एका टोंगाच्या माणसाचं कार्ड मिळवलं, त्यामुळे मला कूपनाबद्दल आदर आहे.

डॉलरचं प्रकरण अवघड. एक तर विद्यार्थ्याकडे डॉलर येणार कुठून, आणि आला तरी पाकिटातून पोचेल याची खात्री नाही. जुनी मंडळी बजावत, पाकिटावर कॉल साईन लिहू नकोस. ज्यांना कळतं त्यांना आत नोट आहे हेही कळतं. मी उत्साहात एकदा लिहिलं. कुठे फोडलं गेलं कोण जाणे, पण रिकामं पाकीट परत आलं, व्यवस्थित डिंकाने चिकटवून.

सोव्हिएत युनियनच्या लोकांना पत्ताच विचारायचा नाही. सगळ्यांचा एकच: बॉक्स ८८, मॉस्को. आणि आमच्या मोर्सच्या भाषेत ८८ म्हणजे 'प्रेम आणि पापे'. हा योग कुणी जाणूनबुजून जुळवला असेल असं मला वाटत नाही, पण त्या कठोर पत्त्यावर पाकीट टाकताना दर वेळी हसू यायचं.

मोजत होतो. पहिलं कार्ड चौदा महिन्यांनी आलं. मग एका पाकिटात सात, मग तीन, मग मधे पाच महिने काहीच नाही. टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी खिडकीत. शंभरावं कार्ड १९९३ च्या सुरुवातीला आलं, फिनलंडचं. कागद करून पाठवले, बोलायची परवानगी मिळाली.

आणि त्या दिवसापासून मी कार्डं पाठवणं थांबवलं. त्याला काही कारण नव्हतं. नोकरी लागली, बदली झाली, लग्न झालं हे सगळं खरं, पण ते नंतरचं. खरं एवढंच की माझे शंभर भरले होते. ब्युरोची पाकिटं येत राहिली. मी कार्डं बघायचो, चित्र छान आहे म्हणायचो आणि डब्यात टाकायचो. त्यांतल्या कुणालातरी भारत हवा असेल, कुणाचा तो शंभरावा देश असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मधली अकरा वर्षं माझा संच बंद होता. तो परत लागला २००४ च्या डिसेंबरात, तोही हावरटपणाने. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी परवानगी मिळवून अंदमानात गेले होते. व्हीयू४, म्हणजे अंदमान-निकोबार, हा प्रदेश कित्येक वर्षं हवेत नव्हता, जगभरचे लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. मीही त्या गर्दीत ओरडत होतो. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि पोर्ट ब्लेअरच्या त्या केंद्राने कार्डांसाठीचे संपर्क थांबवून निरोप घ्यायला सुरुवात केली. अमका सुखरूप आहे, त्याच्या घरी कळवा. तमक्याचा पत्ता लागत नाही, चौकशी चालू आहे. ज्या पट्ट्यावर चार दिवसांपूर्वी आम्ही एकमेकांच्या अंगावर चढत होतो तिथे आता कुणी चुकूनही मध्ये की दाबत नव्हतं. मी खुर्चीत बसून नुसता ऐकत होतो. 'सुखरूप आहे' एवढे दोन शब्द, पुढे नाव, पुढे गाव.

तरीही डबा माळ्यावरच राहिला, हे सांगायला हवं. माणूस एका प्रसंगाने सुधारतो हे मला माझ्या बाबतीत तरी दिसलेलं नाही. डबा कायमचा खाली आला तो निवृत्तीनंतर, यंदाच्या पावसाळ्यात, आणि तोही हिने माळा आवरायला काढला म्हणून. "हे टाकायचं का ठेवायचं ते एकदा ठरवा," म्हणाली. मी म्हटलं, उत्तरं लिहितो.

छापखाना केव्हाच बंद झालाय. जुन्या पाचशेतली एकशे साठ-सत्तर कार्डं उरली होती, ॥ श्री ॥ सकट. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. एकीकडे त्यांचं कार्ड, एकीकडे माझी जुनी लॉगबुकं, मधे चष्मा पुसायचं फडकं.

पहिले दोन दिवस हिशेबातच गेले. ३८ कार्डांवरचं कॉल साईनच पुराच्या दमटीने गेलेलं, ती माणसं कायमची सुटली, किंवा मी त्यांच्यातून सुटलो. मग पूर्व जर्मनीवाल्यांचा गठ्ठा. त्यांचा देश ३ ऑक्टोबर १९९० ला संपला आणि त्यांची कार्डं माझ्या हातात १९९१ च्या मे महिन्यात पडली होती. म्हणजे देश बुडाल्यावरही त्याचं टपाल चालतच होतं. बॉक्स ८८ वाल्यांतले कितीतरी यूबी५ ने सुरू होणारे, म्हणजे युक्रेनचे. २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच तिथे हौशी रेडिओवर बंदी आली होती. त्यांना लिहिताना 'तुमच्याकडे हवा कशी आहे' हे नेहमीचं वाक्य लिहवेना. ती जागा कोरी ठेवली.

आणि कॉल साईन इंटरनेटवर शोधलं की कितीदा तरी तीच दोन अक्षरं समोर येत: एसके. सायलेंट की. हॅम वारला की आमच्यात 'वारला' म्हणत नाहीत, त्याची की मूक झाली म्हणतात. एका ऑस्ट्रियन म्हाताऱ्याने कार्डाच्या मागे लिहिलं होतं, की मला सांगलीचा पूल बघायचाय, कार्ड नक्की पाठव. पूल माझ्या कार्डावर आहे हे त्याला मीच मोर्समध्ये सांगितलं असणार. व्हिएन्नाला जुन्या क्यूएसएल कार्डांचं मोठं संग्रहालय आहे, जगभरातून लाखो कार्डं तिथे जपून ठेवलीत. त्याची कुणी तिथे दिली असतील तर त्यांत सांगलीचं नाही.

ही रोज चहा ठेवून जाताना एखादं उचलून बघायची. शाळेत गणित शिकवण्यात तिची बत्तीस वर्षं गेली. चौथ्या दिवशी तिने मला एकाच कार्डावर तासभर अडलेलं पाहिलं.

"काय झालं?"

"हा जपानी म्हणतो की १३ जानेवारी १९९१ ला पहाटे चार दहाला सात मेगाहर्ट्झवर माझ्याशी बोलला. माझ्या लॉगात नाही."

"मग द्या की लिहून. तुमचं काय जातंय?"

"अगं, लॉगात नाही त्याचं कार्ड देत नाहीत."

"एवढ्या वर्षांनी कोण बघतंय?"

बघत कुणीच नव्हतं. पण आमच्या धंद्यात हे एवढंच एक पाप आहे. कितीही गयावया केली तरी, लॉगात नाही तर नाही. नाहीतर सगळ्याच कार्डांची रद्दी. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि पुढच्याला लागलो. दुपारी ही पुन्हा आली, चष्मा नाकावर ओढून तेच कार्ड उजेडात धरलं.

"हे वेळेपुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय? जेएसटी?"

जपानची वेळ. त्याने ग्रिनिचची वेळ लिहिलीच नव्हती, आपल्या घरच्या घड्याळातली लिहिली होती. मी कागद शोधेपर्यंत हिचं तोंडी झालं होतं. "जपान नऊ तास पुढे. म्हणजे ग्रिनिचला आदल्या दिवशीचे सात दहा, संध्याकाळचे. आणि आपल्याकडे रात्रीचे बारा चाळीस. १२ तारखेचं पान काढा."

काढलं. १२ जानेवारी, वेळ १९१०, म्हणजे संध्याकाळचे सात दहा. सात मेगाहर्ट्झ. जपानचं कॉल साईन. शेवटची तीन अक्षरं सोडून सगळं जुळत होतं. आणि त्या तिनांतलं पहिलं व तिसरं अक्षरही जुळत होतं. मधल्या जागी माझ्या लॉगात एस. त्याच्या कार्डावर एच.

मोर्समध्ये एस म्हणजे तीन टिंबं. एच म्हणजे चार.

पुढे जे दिसलं त्याने मात्र मला खरंच ओशाळायला झालं. लॉगबुकात शेवटी दोन रकाने असतात, कार्ड पाठवलं आणि कार्ड आलं. १९९१ मध्ये मला शंभर पुरे करायचे होते, त्यामुळे 'पाठवलं'च्या रकान्यात तत्परतेने खूण. 'आलं'चा रकाना रिकामा. आणि समासात, पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात: 'दोन वर्षं झाली. उत्तर नाही. जपानी असून!' म्हणजे या जगात कदाचित नसलेल्या एका एसवाल्याला मी कार्ड पाठवलं होतं, आणि ते आलं नाही म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. ज्याच्याशी खरोखर बोललो त्याचं कार्ड त्याच सुमारास येऊन डब्यात पडलं होतं. मी ते नीट वाचलंही नव्हतं.

ती रात्र आठवते असं म्हणणं खोटं होईल. जानेवारीतली मध्यरात्र, हळू होत जाणारी आणि पुन्हा उसळणारी खूण, कानाला घट्ट लावलेले हेडफोन, असं कुठल्याही रात्रीबद्दल लिहिता येईल. तीन ऐकू आली, चौथं टिंब सांगली आणि जपानच्या मधे कुठेतरी समुद्रात पडलं. किंवा त्यानेच चुकून तीन दिली. किंवा मला झोप येत होती.

आता प्रश्न असा, की कार्ड द्यायचं का? नियमाने बघितलं तर त्याचं कॉल साईन मला बरोबर कळलंच नव्हतं. संपर्क कच्चाच राहिला. तारमास्तर असते तर म्हणाले असते, तू एस ऐकलंस, एस लिही. पण चार टिंबांचा माणूस तिकडे बसलेला, त्याच मिनिटाला, त्याच पट्ट्यावर, माझं कॉल साईन बिनचूक लिहून घेत होता, हेही समोर दिसत होतं. संगणकाच्या हिशेबाने हा वाद एका क्षणात मिटला असता. २००३ पासून ऑनलाईन पोच द्यायची सोय आहे, दोन लॉग जुळले तर जुळले, नाहीतर नाही. मी ती वापरतो, पुरावा म्हणून ती कार्डापेक्षा चोख आहे, आणि कागदासाठी गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण त्या यंत्राला एस आणि एच म्हणजे दोन वेगळी माणसं.

"तुमचे मास्तर काय म्हणायचे?" हिने विचारलं.

"ऐकलं तेवढंच लिहायचं."

"मग तेवढंच लिहा. कार्डाला मागची बाजू आहे ना?"

नवं कार्ड घेतलं. पुढे त्याचं कॉल साईन, एचसकट, एका दमात, गिरवागिरव न करता. १२ जानेवारी १९९१, वेळ १९१०, सात मेगाहर्ट्झ, मोर्स. मागे इंग्रजीत लिहिलं, त्याचा मराठीत अर्थ असा: त्या रात्री मी तीन टिंबं ऐकली. चौथं आज तुमच्या कार्डावर वाचलं. उशिराबद्दल क्षमा. खाली ७३, म्हणजे नमस्कार. एकदा वाटलं मागच्या मजकुरामुळे कार्ड बाद होईल. मग वाटलं, झालं तर ते तिकडे होऊ दे. लॉगबुकातल्या त्या पेन्सिलीच्या ओळीवर रेघ मारली. एस मात्र तसाच ठेवला.

बाकीची कार्डं ब्युरोच्या गठ्ठ्यात गेली. हे एक थेट पाठवायचं ठरवलं, कार्डावरच्या जुन्या पत्त्यावर. इंटरनेटवर त्या कॉल साईनचा माग लागला नाही, एसके असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. डॉलर घातला नाही, परतीचं पाकीट घातलं नाही. पाकिटावर कॉल साईनही लिहिलं नाही, जुनी सवय.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं.

"जपान? आत काय आहे काका?"

"पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. पोच आहे."

"कशाची पोच?"

"एक्क्याण्णव सालची."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि संगणकात काहीतरी भरलं. "रजिस्टर करू? पावती मिळेल. त्यांच्याकडून पोच परत हवी असली तर त्याचे पैसे वेगळे."

"नको," म्हटलं. "तेवढं नको."